आकाशातली वीज आणि घरातल्या तारा

आकाशात चमकणाऱ्या विजेला आणि बटण दाबल्यावर दिवा लावणाऱ्या विजेला मराठी भाषेने एकच शब्द दिला आहे. या दोन्ही एकाच जातीच्या आहेत, हे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या १७५२ सालच्या पतंगाच्या प्रयोगाने जगापुढे मांडले. फरक आहे तो केवळ मापाचा. घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्टचा दाब असतो आणि साऱ्या घराचा वापर काही अँपिअरमध्ये मोजला जातो. ढगातून जमिनीवर येणाऱ्या सर्वसाधारण विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअरच्या आसपास असतो. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतल्या मोजक्या भागांतच तो शिखर गाठतो. वाटेतली हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट तापते आणि त्या स्फोटाचा आवाज आपण गडगडाट म्हणून ऐकतो.

वसई-विरारला हा गडगडाट नवा नाही. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी अशा चौकटीत हा परिसर वसला आहे. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत विजा तुलनेने कमी असतात. त्यांचा खरा जोर मृगाच्या तोंडावर आणि पुढे हस्त-चित्रा नक्षत्रांत, म्हणजे मान्सून परतताना असतो. दुपारपर्यंत ऊन तापते, संध्याकाळी डोंगराकडून काळे ढग उतरतात आणि तासाभरात सारे आकाश उजळून निघते. जुन्या पिढीने हस्ताचा हा थाट वाडीतल्या पडवीत बसून पाहिला आहे.

बदलले आहे ते घर. चाळीस वर्षांपूर्वी वसईतल्या घराला बाहेरून येणाऱ्या तारा दोनच होत्या: एक विजेची आणि क्वचित एखादी दूरध्वनीची. नंतर कौलांवर अँटेना आला. आज सदनिकेच्या दारावर कॅमेरा, जिन्यात कॅमेरा, फाटकापाशी कॅमेरा, पार्किंगमध्ये कॅमेरा, गच्चीवर इंटरनेटची पेटी, दिवाणखान्यात राऊटर आणि सुरक्षारक्षकाच्या खोलीत रेकॉर्डर असतो. या सर्वांना जोडणारी तांब्याची केबल भिंतींवरून, गच्चीवरून आणि झाडांमधून शेकडो मीटर धावते. यातला प्रत्येक मीटर विजेच्या दृष्टीने एक अँटेनाच आहे.

वीज दूर पडली तरी राऊटर का जळतो?

“आमच्या इमारतीवर वीज पडलीच नाही, मग उपकरणे कशी गेली?” हा प्रश्न वादळानंतरच्या सकाळी दुरुस्तीच्या दुकानांत हमखास ऐकू येतो. त्याचे उत्तर असे, की घरातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची हानी बहुधा थेट विजेने होत नाही. ती तीन आडवाटांनी येते.

पहिली वाट वीजपुरवठ्याच्या तारेची. दूरच्या खांबावर किंवा तारेवर वीज पडली, की दाबाची लाट तारेतून दोन्ही बाजूंना धावते आणि मीटरमधून घरात शिरते. तारा जमिनीवरून, खांबांवरून गेलेल्या असतील तर हा धोका अधिक. भूमिगत केबल असेल तर तो कमी होतो, पण संपत नाही.

दुसरी वाट चुंबकीय प्रेरणेची. वेगाने बदलणारा प्रवाह आसपासच्या तारांत दाब उत्पन्न करतो. याचा एक साधा हिशेब मांडता येतो. कॅमेऱ्याची केबल आणि त्याच्या वीजपुरवठ्याची वायर वेगवेगळ्या मार्गांनी गेल्यामुळे भिंतीवर १० मीटर लांब व १० मीटर उंच अशी चौकट तयार झाली आहे, असे धरू. तेथून १०० मीटरवर वीज पडली आणि तिचा प्रवाह तीन मायक्रोसेकंदांत ३०,००० अँपिअरपर्यंत चढला, तर त्या चौकटीत उत्पन्न होणारा दाब सुमारे १,९०० व्होल्ट येतो. राऊटरमधली चिप काम करते ती साधारण ३.३ व्होल्टवर किंवा त्याहूनही कमी दाबावर. कोणत्याही तारेला विजेचा स्पर्शसुद्धा न होता एवढे घडते.

तिसरी वाट पायाखालची. वीज जमिनीत शिरते तेव्हा त्या जागेचा दाबच क्षणभर उंचावतो. प्रवाहाचा केवळ दहावा भाग, म्हणजे ३,००० अँपिअर, ५ ओहम रोधाच्या अर्थिंगमधून गेला तरी तेथील दाब १५,००० व्होल्टने वर जातो. मुख्य इमारतीचे अर्थिंग एक आणि फाटकावरच्या केबिनचे दुसरे, आणि दोहोंच्या मधून तांब्याची नेटवर्क केबल गेलेली, अशी रचना वसई-विरारच्या असंख्य गृहसंकुलांत आहे. एका टोकाची जमीन उंचावली, की तो सारा फरक त्या बिचाऱ्या केबलला आणि तिच्या दोन्ही टोकांच्या उपकरणांना सोसावा लागतो. फाटकावरचा कॅमेरा आणि त्याला जोडलेले स्विचचे तोंड बहुधा प्रथम बळी पडते, ते यामुळेच.

हानीचे स्वरूप

सर्वच उपकरणे काळी पडून जळत नाहीत. पुष्कळदा राऊटरचे दिवे लागतात, वाय-फाय चालते, पण केबल लावण्याच्या चारपैकी एक-दोन जागा मेलेल्या असतात. केबलमधूनच वीज पुरवणाऱ्या, म्हणजे पीओई पद्धतीच्या स्विचमध्ये सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा करणारा भाग जातो आणि काही कॅमेरे अंधारतात. कधी रेकॉर्डर सुरू राहतो, पण त्याची हार्डडिस्क नोंद घेणे थांबवते.

यातला शेवटचा प्रकार सर्वांत घातक आहे. चित्र पडद्यावर दिसत असते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. कुटुंब दिवाळीत गावी जाते किंवा यात्रेला निघते, मागे घरफोडी होते, आणि पोलीस जेव्हा त्या रात्रीचे चित्रण मागतात तेव्हा लक्षात येते, की शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीच्या वादळी संध्याकाळची आहे. जळालेल्या कॅमेऱ्याची किंमत भरून काढता येते. हरवलेल्या नोंदीची येत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या गडगडाटानंतर दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीचे चित्रण प्रत्यक्ष मागे नेऊन पाहणे, हा नियमच करावा. त्याला पाच मिनिटे पुरतात.

काही रूढ गैरसमज

एमसीबी किंवा आरसीसीबी बसवली आहे, म्हणजे विजेपासून संरक्षण आहे, असा समज सर्वत्र आढळतो. या साधनांचे काम वेगळे. एमसीबी तारा तापण्यापासून वाचवते, आरसीसीबी माणसाला झटक्यापासून वाचवते. त्यांना तुटायला काही मिलिसेकंद लागतात. विजेची लाट त्याच्या शेकडो पट आधी घरातून फिरून गेलेली असते. इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर यांचीही हीच कथा.

दुसरा समज बाजारात मिळणाऱ्या स्पाइक गार्डविषयीचा. चांगल्या स्पाइक गार्डमध्ये दाब वाढताच वाट मोकळी करून देणारा एक घटक असतो आणि तो जादा प्रवाहाचा मोठा वाटा अर्थिंगच्या तारेकडे वळवतो. पण घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगच नसेल, किंवा दोन पिनांचा अडॅप्टर मध्ये घुसवला असेल, तर तो वळवणार कोठे? शिवाय हा घटक प्रत्येक लाटेबरोबर थोडा झिजतो. त्यावरचा दर्शक दिवा विझला असेल, तर ती पट्टी केवळ एक्स्टेंशन बोर्ड उरली आहे असे समजावे.

तिसरा समज फायबरविषयीचा. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, हे खरे. परंतु घरापर्यंत येणाऱ्या बऱ्याच फायबर केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती तार पेटीपाशी कापून वेगळी केलेली नसेल, तर तीच विजेची वाट होते. आणि फायबरच्या पेटीला, म्हणजे ओएनटीला, भिंतीवरचा अडॅप्टर आणि कॅमेऱ्यांकडे जाणारी तांब्याची केबल या दोन वाटा उरतातच.

चौथा समज असा, की नाजूक उपकरणांसाठी अर्थिंगचा खड्डा वेगळा आणि इतरांपासून तुटलेला असावा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. इमारतीतली सर्व अर्थिंग एकमेकांना जाड पट्टीने जोडलेली हवीत, म्हणजे दाब वाढला तरी सर्वत्र एकसारखा वाढेल आणि फरक उरणार नाही. नदीला पूर आला तर सर्व होड्या एकत्र वर जातात, तसेच हे.

संरक्षणाची उतरंड

इमारतींच्या वीज-संरक्षणासाठी भारतात आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक आहे आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३. दोहोंचा आशय सामान्य माणसाच्या भाषेत असा सांगता येईल: विजेला अडवू नये, तिला सरळ, आखूड आणि रुंद वाट द्यावी, आणि उरलेली लाट टप्प्याटप्प्याने मवाळ करावी.

पहिला टप्पा गच्चीवरचा. उंच इमारतीवर तडितरक्षक हवा आणि त्यापासून जमिनीपर्यंत अखंड पट्टी हवी. त्याच्या अर्थिंगचा रोध शक्यतो १० ओहमच्या खाली असावा, असे मानक सुचवते. वसईची हवा खारी आहे. पट्ट्यांचे जोड आणि नटबोल्ट काही वर्षांतच गंजतात. वरून शाबूत दिसणारी पट्टी जोडापाशी तुटलेली असू शकते. म्हणून दरवर्षी मे महिन्यात परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून रोध मोजून घ्यावा आणि तो आकडा लेखी घ्यावा. फार मोठ्या त्रिज्येच्या संरक्षणाचा दावा करणारे विशेष तडितरक्षक बाजारात विकले जातात. त्या दाव्यांना या मानकात आधार नाही.

दुसरा टप्पा मीटरच्या खोलीतला. सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे एसपीडी, ही पेटी तेथे बसवतात. गच्चीवर तडितरक्षक असेल तर मुख्य पॅनेलवर टाइप १, प्रत्येक सदनिकेच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात टाइप २ आणि उपकरणाजवळ टाइप ३, अशी ही उतरंड आहे. एसपीडीची अर्थिंगची तार जितकी आखूड तितके संरक्षण चांगले. दोन-तीन मीटर वेटोळे घालून नेलेली तार जवळजवळ निरुपयोगी ठरते.

तिसरा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित, तो डेटा केबलचा. विजेच्या वाटेवर पहारा बसवला आणि नेटवर्क केबलची वाट उघडी ठेवली, तर चोर मागच्या दाराने येणारच. इमारतीबाहेर असलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या केबलवर, ती आत शिरते त्या ठिकाणी, नेटवर्कसाठीचा एसपीडी हवा आणि तो अर्थिंगला जोडलेला हवा. दोन इमारतींच्या मध्ये, किंवा इमारत आणि फाटक यांच्या मध्ये, तांब्याऐवजी धातूविरहित फायबर टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. दोन्ही टोकांना छोटे मीडिया कन्व्हर्टर लागतात. वालीव, सातिवली, गोखिवरे भागांतल्या औद्योगिक गाळ्यांनाही हाच उपाय लागू आहे. तेथे एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात पत्र्यावरून ओढलेल्या केबल नेहमी दिसतात.

केबल ओढणाऱ्या कारागिराला आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. कॅमेऱ्याची केबल तडितरक्षकाच्या पट्टीला कधीही बांधू नये. ती तिच्यापासून दूर न्यावी. आणि विजेची वायर व डेटा केबल शक्यतो एकाच मार्गाने, पण वेगवेगळ्या पाइपांतून न्यावी, म्हणजे वर सांगितलेली मोठी चौकट तयार होत नाही.

देरासर, उपाश्रय आणि इतर प्रार्थनास्थळे यांच्या विश्वस्तांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. शिखर हा परिसरातला उंच बिंदू असतो आणि त्यावर धातूचा कळस व ध्वजदंड असतो. १३ जुलै २०२१ रोजी द्वारकेच्या द्वारकाधीश मंदिराच्या ध्वजावर वीज पडल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. ध्वजाला झळ बसली, जीवितहानी झाली नाही. कळस जमिनीशी जाड पट्टीने जोडलेला नसेल, तर वीज दगडातून, भिंतीतून आणि जवळच्या कॅमेऱ्याच्या तारेतून आपली वाट शोधते.

विम्याच्या कागदातले बारीक अक्षर

“आमचा विमा आहे” या वाक्यावर अनेक कुटुंबे निश्चिंत असतात. येथे थांबून पॉलिसी वाचणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने सर्वसाधारण विमा कंपन्यांनी घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर वीज पडणे हा धोकाही तिच्यात समाविष्ट आहे. इमारतीचा विमा उतरवला असेल, तर घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप मिळते.

परंतु याच पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत एक कलम आहे. शॉर्टसर्किट, जादा दाब, ठिणगी, स्वयंतापन किंवा वीजगळती यांमुळे एखाद्या विद्युत अथवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे नुकसान झाले, तर त्या उपकरणाची भरपाई मिळत नाही. कारण कोणतेही असो, आणि त्यात आकाशातली वीजही धरलेली आहे. हा अपवाद केवळ त्या विशिष्ट उपकरणापुरता असतो. राऊटरमधून आग पसरून पडदे आणि कपाट जळाले, तर पडदे व कपाट यांची भरपाई मिळू शकते, राऊटरची नाही. दाबाच्या लाटेने केवळ राऊटर, रेकॉर्डर आणि सहा कॅमेरे गेले असतील, तर दावा याच कलमावर अडण्याची शक्यता मोठी.

यावर मार्ग आहेत. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा स्वतंत्र विमा मिळतो. काही गृहस्थ पॅकेज पॉलिसींत घरगुती उपकरणांच्या बिघाडाचा वेगळा विभाग असतो. हप्ता भरण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारावा: “विजेमुळे आलेल्या दाबाच्या लाटेने उपकरण निकामी झाले, तर भरपाई मिळेल का?” उत्तरही लेखी घ्यावे.

गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. फाटक, जिने आणि गच्ची येथील कॅमेरे संस्थेच्या मालकीचे असतात. सभासदाच्या घरगुती पॉलिसीत ते येत नाहीत. आदर्श उपविधींनुसार संस्था आग व भूकंपाचा विमा उतरवते, पण त्या विम्यात कॅमेरे यादीसह नोंदवलेले आहेत का, हे कार्यकारी समितीने तपासावे. बहुतेक उत्पादकांच्या वॉरंटीत विजेने झालेली हानी वगळलेली असते, आणि देखभालीच्या वार्षिक करारातही तसे कलम असू शकते.

दावा करण्याची वेळ आलीच, तर उपकरणे फेकून देऊ नयेत. छायाचित्रे, अनुक्रमांकासह खरेदीची बिले, घटनेची तारीख व वेळ आणि तंत्रज्ञाचा कारण नमूद करणारा लेखी अहवाल एकत्र ठेवावा. कंपनीला त्वरित कळवावे. वैयक्तिक पॉलिसीचा दावा नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे जावे आणि एका महिन्यात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे दाद मागावी.

खर्चाचा ताळेबंद

संस्थेच्या सभेत हा विषय निघाला, की “एवढा खर्च कशाला?” असा सूर लागतो. हिशेबासाठी असे धरू, की संस्थेची उपकरणे ६०,००० रुपयांची आहेत आणि पाच वर्षांतून एकदा त्यांतली निम्मी विजेने जातात. म्हणजे दरवर्षी सरासरी ६,००० रुपयांची झीज. संरक्षणाच्या साधनांवर १५,००० रुपये खर्च झाले आणि ती पाच वर्षे टिकली, तर वर्षाला ३,००० रुपये पडतात. आपापल्या संस्थेचे आकडे घालून हे गणित कोणालाही दहा मिनिटांत करता येईल. ते केवळ पैशांचे आहे. कॅमेरे बंद असलेल्या दिवसांची जोखीम त्यात धरलेलीच नाही.

उपकरणांआधी माणूस

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट विसरून चालणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. गडगडाट सुरू झाल्यावर केबल काढण्यासाठी, कॅमेऱ्यावर प्लास्टिक बांधण्यासाठी किंवा वाळत घातलेले कपडे आणण्यासाठी गच्चीवर जाणे, हा राऊटरच्या किमतीसाठी प्राणाचा सौदा आहे. सुरक्षारक्षकाला किंवा तंत्रज्ञालाही त्या वेळी वर पाठवू नये.

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीनने भागावे. तितके किलोमीटर वीज दूर आहे. हे अंतर तीस सेकंदांपेक्षा कमी भरले, तर घरात राहावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. प्लग काढायचे ते ढग दूर असतानाच काढावेत, अगदी डोक्यावर आल्यावर नव्हे. राऊटरचा केवळ विजेचा प्लग काढून थांबू नये. नेटवर्कची केबलही काढावी. त्या काळात तारेचा फोन वापरू नये आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात धरू नये. चार्जरपासून मोकळा मोबाइल घरात वापरण्यास हरकत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप परिसरातल्या विजांची सूचना देते. ते घरातल्या किमान एका मोबाइलमध्ये असावे.

कामांची यादी लांब वाटली, तरी तिचा क्रम सोपा आहे. मे महिन्यात अर्थिंगचा रोध मोजावा, जोड तपासावेत आणि एसपीडीचे दर्शक पाहावेत. मृगापूर्वी महत्त्वाच्या चित्रणाची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तपासणीचा अहवाल आणि विम्याची यादी सभासदांपुढे ठेवावी, म्हणजे हस्ताच्या विजांपूर्वी उणिवा भरून काढता येतील. मोजलेल्या रोधाचा आकडा, तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याची सही एवढ्या तीन नोंदी मीटरच्या खोलीच्या दारावर लावल्या, तर पुढची समिती बदलली तरी हे काम थांबणार नाही.